धर्मावर टीका करणं हे नास्तिकाचं कर्तव्य आहे का? तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही २६ वर्षांचे, चारेक वर्षांपूर्वी देवावरचा विश्वास गेला, घरच्यांना माहीत आहे पण विषय कोणी काढत नाही. आई रोज प्रार्थना करते, तुम्ही तिला काही बोलत नाही. मित्रांचं म्हणणं असं की गप्प बसणारा नास्तिक हा धर्माच्या नावाने होणाऱ्या प्रत्येक अन्यायात भागीदार असतो, त्यांच्या ग्रुपवर रोज धर्माची खिल्ली चालते आणि तुम्ही त्यात पडत नाही म्हणून ते तुम्हाला भित्रा म्हणतात. आणि अगदी शेवटी, जाता जाता, एका ओळीत लिहिलंय की मावशीने गुरूंच्या सांगण्यावरून थायरॉईडच्या गोळ्या ५ आठवड्यांपासून बंद केल्यात आणि त्यावरही तुम्ही काही बोलला नाहीत. मग विचारलंय की धर्मावर टीका करणं हे नास्तिकाचं नैतिक कर्तव्य असतं का, आणि असेल तर मी ते चुकवतोय का.

मी २४ वर्षं कॉलेजात नीतिशास्त्र शिकवते, आणि स्वतः वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून देव मानत नाही. विद्यार्थ्यांपैकी ज्यांचा विश्वास सुटलेला असतो त्यातले बरेच जण नंतर वर्षानुवर्षं बोलायला येत राहतात, त्यामुळे हा प्रश्न मी वर्गापेक्षा वर्गाबाहेरच जास्त ऐकलाय. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: केवळ नास्तिक आहात म्हणून धर्मावर टीका करण्याचं कर्तव्य तुमच्यावर येत नाही. आईच्या बाबतीत तुम्ही काहीही चुकवत नाही आहात. मित्रांच्या ग्रुपवर न पडण्यात भित्रेपणा नाही. मावशीच्या बाबतीत मात्र बोलायला हवं, आणि याच आठवड्यात.

आता का ते सांगते, कारण नुसतं उत्तर देऊन उपयोग नाही, मित्र उद्या पुन्हा तोच मुद्दा काढतील.

त्यांचा मुद्दा कमजोर नाहीये. त्याचं सगळ्यात ताकदीचं रूप विल्यम क्लिफर्ड नावाच्या गणितज्ञाने १८७७ साली मांडलं. त्याचं उदाहरण असं: एका जहाजमालकाचं जहाज जुनं झालंय, दुरुस्तीची गरज आहे अशी शंका त्याच्या मनात आहे, पण खर्च नको म्हणून तो स्वतःची समजूत घालतो की आजवर इतक्या सफरी झाल्या, ही पण होईल, आणि एवढी कुटुंबं नव्या आयुष्याच्या आशेने निघालीयेत तर देव त्यांना सांभाळेलच. जहाज बुडतं, माणसं जातात. क्लिफर्ड म्हणतो मालक दोषी आहे, कारण तो विश्वास ठेवायचा त्याला हक्कच नव्हता, आणि जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तेवढाच दोषी असता. शिवाय तो असंही म्हणतो की कुठलाही विश्वास पूर्णपणे खाजगी नसतो, आपण तो पुढच्या पिढीला देत असतो. यावरून तुमचे मित्र म्हणतात की बघा, पुराव्याशिवायचा विश्वास समाजाला महागात पडतो, मग तो दिसत असताना गप्प बसणं हे बुडणारं जहाज बघत उभं राहण्यासारखं आहे.

इथे एक पायरी गाळली जाते. क्लिफर्डचा मुख्य रोख ज्याचा त्याने आपला विश्वास तपासावा यावर आहे, शेजाऱ्याचा तपासत फिरावं यावर नाही. मित्र बहुधा जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाचंही नाव घेत असतील, त्याने १८५९ मध्ये लिहिलं की एखादं मत दडपलं तर नुकसान सगळ्यांचं होतं, मत चूक असलं तरी. ते मला शंभर टक्के पटतं. पण मिल सांगतो की बोलणाऱ्याला कोणी गप्प करू नये. प्रत्येकाने बोललंच पाहिजे असं त्यातून निघत नाही. बोलण्याचा हक्क असणं आणि बोलणं भाग असणं यात फार अंतर आहे, आणि "नास्तिकांनी बोललंच पाहिजे" म्हणणारे बहुतेक जण हे अंतर एका उडीत पार करतात.

वर्गात मी इथे कांट या जर्मन तत्त्वज्ञाचा एक भेद सांगते, तो रोजच्या आयुष्यात फार कामाला येतो. काही कर्तव्यं कायम आणि सगळ्यांशी लागू असतात, जसं खोटं न बोलणं, फसवणूक न करणं. यांना तो पूर्ण कर्तव्यं म्हणतो. काही कर्तव्यं अपूर्ण असतात, जसं दुसऱ्याला मदत करणं. अपूर्ण म्हणजे कमी महत्त्वाची नव्हे, तर कोणाला, कधी, किती, कशी मदत करायची हे माणसाने परिस्थिती बघून ठरवायचं असतं. सगळ्या जगाला सगळा वेळ मदत करत बसणं कोणालाच शक्य नाही, पण म्हणून आयुष्यभर कोणालाच मदत केली नाही तर तेही चालत नाही. टीका करणं हे माझ्या मते या दुसऱ्या प्रकारात बसतं, आणि तेही मदतीचा एक प्रकार म्हणून. टीकेने कोणाचं तरी नुकसान टळणार असेल, कोणाला तरी मोकळं व्हायला वाव मिळणार असेल, तर त्या टीकेला नैतिक वजन येतं. नुसती दुसऱ्याची समजूत चुकीची आहे एवढ्यावरून ते वजन येत नाही, चुकीच्या समजुती आपल्या सगळ्यांच्याच असतात.

बरं, "धर्म" हा शब्दच इतका मोठा आहे की त्यावर टीका करा म्हटलं की नेमकं कशावर ते कळत नाही. जग कसं निर्माण झालं याबद्दलचा दावा हाही धर्म, पैसा आणि सत्ता असलेली संस्था हाही धर्म, कोणी कोणाशी लग्न करायचं हा नियम हाही धर्म, आणि रात्री झोप लागत नाही तेव्हा एका बाईने हात जोडून काही पुटपुटणं हाही धर्मच. दाव्याला पुरावा मागता येतो, संस्थेला हिशोब मागता येतो, नियमाने कोणाचं काय बिघडतंय ते विचारता येतं. त्या बाईला काय मागणार?

म्हणून मी कर्तव्य शोधताना तीन गोष्टी बघते. एक, नुकसान खरंच होतंय का, आणि ज्याचं होतंय त्याला नको म्हणण्याची मुभा आहे का. मोठ्या माणसाने स्वतः उपवास धरणं वेगळं आणि लहान मुलाला धरायला लावणं वेगळं. दोन, मी तिथे कोण आहे, मला त्या गोष्टीची नीट माहिती आहे का, माझं ऐकलं जाईल असं काही नातं किंवा जागा माझ्याकडे आहे का. तीन, बोलण्याची किंमत काय, आणि ती कोण मोजणार.

ही तिसरी गोष्ट तुमचे मित्र अजिबात धरत नाहीत याचा मला राग येतो. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, आणि त्यांच्या चळवळीची भूमिका देवाधर्माला विरोध अशी नव्हतीच, देवाधर्माच्या नावाने होणाऱ्या शोषणाला विरोध अशी होती. अविजित रॉय या नास्तिक बांगलादेशी लेखकाला फेब्रुवारी २०१५ मध्ये ढाक्यात रस्त्यावर मारलं. काही देशांत धर्म सोडला म्हणून आजही मृत्युदंड होऊ शकतो. जी मुलगी अजून घरच्यांच्या पैशावर शिकतेय आणि बोलली तर शिक्षण बंद होणार आहे, तिला कर्तव्याचं भाषण देणारा माणूस दुसऱ्याच्या खिशातून दान करतोय. धोका पत्करून बोलणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, पण तो आदर यासाठीच आहे की त्यांनी कर्तव्यापलीकडचं केलं.

आणि बोलण्याचे मार्गही एकच नसतात. डार्विनचं १८८० सालचं एक पत्र आहे, एडवर्ड एव्हलिंग या नास्तिक लेखकाला लिहिलेलं. आपण विचारस्वातंत्र्याचे पक्के पुरस्कर्ते आहोत, असं तो त्यात म्हणतो, पण धर्मावर थेट वाद घालून लोकांवर फारसा परिणाम होत नाही, विज्ञान पुढे गेलं की माणसांची मनं हळूहळू उजळतात आणि स्वातंत्र्य त्यातून येतं, म्हणून मी धर्मावर लिहिणं टाळलं. आणि घरातल्या काहींना दुःख झालं असतं, त्याचाही कदाचित माझ्यावर नको इतका प्रभाव पडला असेल, हेही तो प्रामाणिकपणे कबूल करतो. डार्विन गप्प होता का? मला नाही वाटत. त्याने आपलं काम चोख केलं, आणि त्या कामाने जेवढे प्रश्न उभे केले तेवढे हजार भाषणांनी केले नसते. उलट आपल्याकडे आगरकरांसारखे लोक होऊन गेले ज्यांनी थेटच लिहिलं आणि त्याचा त्रास सोसला. मी दोघांपैकी कोणालाही चूक म्हणणार नाही.

आता माझ्याकडून झालेल्या दोन गोष्टी सांगते, माझं मत पुस्तकांपेक्षा यातून जास्त तयार झालंय.

पहिली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली, तिचा धाकटा भाऊ एका निवासी धार्मिक वर्गात शिकत होता आणि तिथे पाठांतर चुकलं की मुलांना छडीने मारायचे, भावाच्या पायावरचे वळ तिने पाहिले होते. मी काय केलं तर तिला धीर दिला आणि गप्प बसले. मला वाटलं मी नास्तिक, मी तक्रार केली तर लोक म्हणतील हिला धर्माचाच द्वेष आहे, आणि त्यांचा अंतर्गत मामला आहे. आठ-नऊ महिन्यांनी ते थांबलं, आणि ते थांबवलं तिथल्याच एका शिक्षकाने, जो स्वतः अतिशय श्रद्धाळू होता. त्याने तक्रार केली आणि त्याची तिथली जागा गेली. त्या आठ-नऊ महिन्यांचा विचार मी आजही करते. मी धर्मावर टीका केली नाही ही माझी चूक नव्हती. मुलांना मारतायत हे कळून मी काही केलं नाही ही चूक होती, आणि त्यात देव आहे की नाही याचा संबंधच नव्हता.

यातून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. कर्तव्य अविश्वासातून येत नाही, ते नुकसान दिसण्यातून येतं, आणि म्हणून ते श्रद्धाळूंवरही तितकंच असतं, कधीकधी जास्तच, कारण आतल्या माणसाचं ऐकलं जातं. तुकारामांनी दांभिकांवर जेवढे कोरडे ओढले तेवढे कुठल्या नास्तिकाने ओढले असतील? फ्रेंच लेखक व्होल्तेअर देव मानायचा, तरी १७६२ साली तुलूझमध्ये जां कालास या प्रोटेस्टंट व्यापाऱ्याला धर्मद्वेषापोटी पोटच्या मुलाच्या खुनाच्या खोट्या आरोपावरून मारलं गेलं तेव्हा त्याने ते प्रकरण लावून धरलं, आणि १७६५ मध्ये कालास मरणोत्तर निर्दोष ठरला. तुमचे मित्र जेव्हा म्हणतात की हे काम नास्तिकांचं आहे, तेव्हा ते नकळत या सगळ्या माणसांना बाजूला काढतात, आणि आज जे श्रद्धाळू आपापल्या ठिकाणी आतून भांडतायत त्यांना एकटं पाडतात.

दुसरी गोष्ट बरोबर उलटी आहे. माझ्या एका सहकारी बाईंचं मूल आजारपणात गेलं. महिन्याभराने त्या मला म्हणाल्या की यामागे देवाची काहीतरी योजना असेल. मी तेव्हा तिशीत होते, प्रामाणिकपणाचा मला फार अभिमान होता, मी म्हटलं की योजना वगैरे काही नसते, तो एक आजार होता. त्या काही बोलल्या नाहीत. पुढे आम्ही एकाच खोलीत सहा वर्षं काम केलं आणि त्या माझ्याशी कामापलीकडे एक शब्दही बोलल्या नाहीत. मी जे बोलले ते माझ्या समजुतीप्रमाणे खरं होतं. पण त्यांनी मला जगाच्या रचनेबद्दल प्रश्न विचारलाच नव्हता, त्या दिवस कसा काढायचा ते सांगत होत्या. त्यांच्या त्या वाक्याने कोणाचंही नुकसान होत नव्हतं. माझ्या वाक्याने झालं.

मित्रांच्या ग्रुपबद्दल फार लांबण लावत नाही. जिथे सगळे आधीच सहमत आहेत तिथे खिल्ली उडवून कोणाचं मत बदलत नाही आणि कोणाचं नुकसान टळत नाही, त्यामुळे ते कर्तव्य कसं काय होईल हे मला समजत नाही. मोकळं होण्यासाठी असा ग्रुप लागतो हे मी मानते, नुकताच विश्वास सुटलेल्या माणसाला चार जण तसेच आहेत हे कळणं हाच मोठा आधार असतो, तेवढ्यापुरता तो चांगला आहे. दोन गोष्टी मात्र त्यांना जरूर विचारा. टीका कल्पनेवर चाललीय की माणसांवर? संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०११ मध्ये स्पष्ट म्हटलंय की धर्माचा अनादर केला म्हणून बंदी घालणारे कायदे, ईशनिंदेच्या कायद्यांसकट, नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराशी विसंगत आहेत, द्वेष भडकावून हिंसेला चिथावणी देण्यासारखे प्रकार सोडून. म्हणजे संरक्षण माणसाला आहे, कल्पनेला नाही. पण हीच रेषा उलट बाजूनेही पाळावी लागते. दुसरं, ज्या धर्माची खिल्ली उडवताय त्याचे लोक तुमच्या समाजात ताकदवान आहेत की आधीच दबलेले? दबलेल्यांच्या श्रद्धेवर रोज थट्टा झाली की त्यांच्यावर हात उचलणाऱ्यांचं काम सोपं होतं, तुमचा हेतू तसा नसला तरी.

आईबद्दल. तिच्या रोजच्या प्रार्थनेने तुमचं किंवा कोणाचं काही बिघडत नाहीये, तुम्ही काही बोलायची गरज नाही. एकच मर्यादा मी सांगेन, तिने कधी सरळ विचारलं की तुझा विश्वास आहे का, तर खोटं बोलू नका. "नाही आई, माझा नाही, पण तुला त्यातून बळ मिळतं हे मी बघतो" एवढं पुरतं. आत्ताच सांगायचं नसेल तर "याबद्दल नंतर बोलू" हेही चालतं, ते खोटं नाही. तिने शेजारी बसायला बोलावलं आणि तुम्ही प्रेमाने बसलात तर तोही ढोंगीपणा नव्हे, तिला तुम्ही काय मानता ते माहीत आहे ना. हां, तिने धर्माच्या कारणाने कोणाला घरात येऊ द्यायचं नाही असं काही ठरवलं, तर मग हिशोब बदलतो आणि तुम्ही घरचे असल्यामुळे बोलण्याची पहिली जबाबदारी तुमचीच येते.

थोडक्यात एवढं धरून ठेवा: खोटं न बोलणं हे कायमचं, आणि टीका ही नुकसान, तुमची जागा आणि किंमत बघून.

आता मावशी. तीनही गोष्टी इथे जुळतात. नुकसान खरं आहे. तुम्ही भाचा आहात, ती तुमचं ऐकेल निदान ऐकून तरी घेईल. आणि किंमत म्हणजे फार तर थोडे दिवस रुसवा. तरी तुम्ही गप्प राहिलात, कारण बहुधा तुम्हाला वाटतंय की बोललो तर तिच्या श्रद्धेवर बोलल्यासारखं होईल. मीही त्या मुलाच्या वेळी नेमकं असंच समजले होते.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. थायरॉईडच्या नेहमीच्या गोळीतलं लेव्होथायरॉक्सिन शरीरात निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणजे गोळी बंद केल्यावर पहिले काही आठवडे माणसाला बरंच वाटू शकतं, आणि गुरू म्हणाले ते खरं ठरलं असा पुरावाच हातात आल्यासारखं होतं. त्रास नंतर हळूहळू सुरू होतो, थकवा, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ, वजन वाढणं, सुस्ती, आणि तो इतका हळू येतो की त्याचा संबंध गोळीशी कोणी लावत नाही. फार काळ तसंच गेलं तर क्वचित जिवावरही बेतू शकतं. ५ आठवडे झालेत म्हणजे रक्ताच्या तपासणीत फरक दिसण्याची वेळ आलीय.

तिच्याकडे एकटे जा, मित्रांना किंवा वडीलधाऱ्यांची फौज घेऊन नको. आधी विचारा की गोळ्या का सोडाव्याशा वाटल्या, आणि तिचं बोलणं पूर्ण ऐका. २०१६ मध्ये अमेरिकेत घरोघरी जाऊन केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात दहाएक मिनिटांच्या संभाषणाने, ज्यात समोरच्याला त्याचाच अनुभव सांगायला लावला होता, लोकांचा पूर्वग्रह कमी झाला आणि तो परिणाम निदान ३ महिने टिकला. विषय वेगळा होता, पण माझा अनुभवही तोच आहे, ज्याला आधी ऐकून घेतलं तो नंतर ऐकतो. कदाचित कळेल की तिला गोळ्यांनी धडधड होत होती आणि डॉक्टरांनी ते मनावर घेतलं नव्हतं, आणि गुरू हे तिचं ऐकणारे पहिलेच होते. असं असेल तर डोस बदलून घ्यायचा प्रश्न आहे आणि तो डॉक्टरच सोडवतील.

गुरू खरे की खोटे हा विषय काढूच नका, तिने काढला तर सांगा की त्याबद्दल माझं मत तुला माहीत आहे पण मी त्यासाठी आलो नाहीये. तिला म्हणा, तुझी प्रार्थना चालू ठेव, पण टीएसएचची, म्हणजे थायरॉईडची रक्ताची तपासणी करून घेऊ, मी बरोबर येतो, आणि गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवू. ती नाही म्हणाली तर दुसऱ्यांदा जा, आणि तिच्याच श्रद्धेतलं कोणी शहाणं माणूस असेल ज्यावर तिचा विश्वास आहे, तर दुसऱ्या वेळी त्यांना बरोबर न्या. आणि गुरू इतरांच्याही गोळ्या बंद करतायत असं कळलं, तर तो विषय मावशीपुरता राहत नाही, मग तक्रार करावी लागेल. तेव्हा परत लिहा, कोणाकडे आणि कशी करायची ते मी सांगेन.